वचनाची पारख: एका बंडखोर गाण्याची कुळकथा

कन्नड वचने बाराव्या शतकात कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, शरणांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, मेळ्यात बहराला आली. वचनाला वृत्त नाही, मात्रांचा हिशेब नाही, कडव्यांची ठरावीक संख्या नाही. या मेळ्याचे पुढारी बसवण्णा यांच्या एका वचनात याची उघड कबुली आहे: ताल-मान आपल्याला कळत नाही, छंदशास्त्रातले गण ठाऊक नाहीत, देवाचे त्यात काही बिघडत नाही, तेव्हा जसे आवडेल तसे आपण गातो, असा त्याचा आशय. हे म्हणणारा माणूस कलचुरी राजा बिज्जळाच्या पदरी भांडारी होता. दरबारी चंपूकाव्य काय असते हे त्याला माहीत नसणे शक्यच नाही. त्यामुळे ही कबुली अज्ञानाची म्हणता येत नाही. शास्त्राला दिलेला तो नकार आहे.

शास्त्र नाकारले की गाण्याचे दार कोणालाही उघडे होते. मादार चन्नय्या चांभार, डोहर कक्कय्या ढोर, मडिवाळ माचय्या परीट, नुलिय चंदय्या दोर वळणारा, अंबिगर चौडय्या नावाडी. शिवाय अक्कमहादेवी, आणि सांडलेले तांदूळ वेचून पोट भरणारे आयदक्की मारय्या व लक्कम्मा हे जोडपे. सोलापूरचे सिद्धरामेश्वर याच मेळ्यातले. पण दार सगळ्यांनाच उघडे असले तर आत आलेल्यांत खरा कोण, हा प्रश्न लगेच उभा राहतो. शरणांनी त्याचे उत्तर गाण्याच्या बाहेर शोधले. माणूस कोणते कायक करतो, म्हणजे कोणत्या श्रमावर जगतो, ही पहिली कसोटी ठरली. मारय्याने एके दिवशी गरजेपेक्षा जास्त तांदूळ आणले तेव्हा लक्कम्माने त्याला ते परत टाकून यायला लावले, ही कथा सीमाभागातल्या शिवकीर्तनांत आजही रंगवून सांगितली जाते. अक्कमहादेवी कल्याणात आली तेव्हा किन्नरी वाजवणाऱ्या बोम्मय्याने तिची परीक्षा घेतली आणि अनुभव मंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, तिचे प्रमुख अल्लमप्रभू यांनी तिची उलटतपासणी केली. यातला एकही प्रश्न सुराचा नव्हता. अर्थात हे संवाद ज्या ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात येतात तो पंधराव्या शतकातला आहे. त्यातली मांडणी संपादकांची आहे, हे विसरून चालत नाही.

बोलणे आणि जगणे एक असावे या आग्रहाची किंमत लवकरच मोजावी लागली. ब्राह्मण घरातून शरण झालेल्या मधुवरसाची मुलगी आणि चांभार हरळय्याचा मुलगा यांचा विवाह झाला. राजाने दोघा बापांना देहदंड दिला. ११६७च्या सुमारास बिज्जळाचा खून झाला आणि शरण पांगले. काही जण बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याबरोबर उळवीच्या जंगलाकडे गेले. वचने ताडपत्रांवर उरली, चाली मात्र हवेत विरल्या, कारण त्या लिहून ठेवण्याची पद्धतच नव्हती. राग-तालाचा निर्देश असलेली ‘स्वरवचने’ काही पोथ्यांत सापडतात, पण नुसत्या रागाच्या नावावरून चाल परत मिळत नाही.

पंधराव्या शतकात विजयनगरच्या राज्यात विरक्त मठांतील पंडितांनी वचने गोळा केली, लावली, त्यांवर टीका लिहिल्या. इथे दुसरी कसोटी पुढे आली: अंकित, म्हणजे वचनाच्या शेवटी येणारी नाममुद्रा. मराठी वाचकाला ‘तुका म्हणे’ जसे ओळखीचे, तसे कन्नड वाचकाला बसवण्णांचे ‘कूडलसंगमदेव’, अक्कमहादेवीचे ‘चन्नमल्लिकार्जुन’, अल्लमांचे ‘गुहेश्वर’. बहुतेक शरणांनी आपल्या इष्टदेवाचे नाव घातले. अंबिगर चौडय्याने मात्र सरळ स्वतःचेच नाव ठोकून दिले, आणि त्याच्या तिखट वचनांना ते शोभतेही. नाममुद्रा ही पारखायला सोपी खूण, म्हणूनच नकलायलाही सोपी. मागाहून रचलेली वचने जुन्या नावांवर चढली आणि ती वेगळी काढण्याचे काम अभ्यासकांकडून अजून हातावेगळे झालेले नाही.

शास्त्र नाकारणाऱ्या गाण्यात खरेखोटे ठरवायचे कशावर, हा पेच कल्याणपुरता नाही. १९७०च्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडन येथे उभ्या राहिलेल्या पंक संगीतात तो जसाच्या तसा दिसतो. न्यूयॉर्कच्या रामोन्स या चमूची पहिली तबकडी एप्रिल १९७६मध्ये निघाली. तिच्यातली १४ गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात आणि मोजक्या कॉर्डवर भागतात. जानेवारी १९७७मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्सने उसन्या घेतलेल्या ५०० पौंडांत स्वतःच तबकडी काढली. त्याच महिन्यात लंडनच्या क्लॅशने सीबीएस या बड्या कंपनीशी करार केला, आणि ‘स्निफिन ग्लू’ हे घरगुती नियतकालिक चालवणाऱ्या मार्क पेरीने पंक त्या दिवशीच मेल्याचे जाहीर करून टाकले. लंडनमध्ये चळवळीला तेव्हा नीट दोन वर्षेही झाली नव्हती. पुढे १९९०च्या दशकात बर्कलीतील गिलमन स्ट्रीटच्या क्लबने ग्रीन डे या आपल्याच अंगणात वाढलेल्या चमूला मोठ्या कंपनीकडे गेल्याबद्दल दार बंद केले. गाणी तीच, आवाज तोच. पारख झाली ती सही कोणाच्या कागदावर आहे यावरून. ज्याला ती गाणी नुसतीच आवडत होती, त्याच्या आवडीला या वादात फारशी जागा उरली नाही.

वचनांच्या बाबतीत आवडीला जागा मिळाली, ती गायकांमुळे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कलबुर्गी भागात तत्त्वपदांची परंपरा फोफावली. कडकोळ मडिवाळप्पा हे तिचे ठळक नाव. त्यांच्या शिष्यांत अनेक जातींचे लोक होते, चन्नूर जलालसाहेबांसारखे मुसलमानही होते. एकतारी, दिमडी, टाळ एवढ्या साहित्यावर रात्र काढणाऱ्या या गायकांनी वचनांतला कडकपणा पदांच्या ठेक्यात उतरवला. वचन कसे गायले जात असेल याचा अंदाज बांधायचा तर मठातल्या पोथीपेक्षा ही भजने जवळची वाटतात. सिद्ध मात्र काहीच करता येत नाही.

विसाव्या शतकात वचने छापली गेली. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी (१८८०–१९६४) यांनी गावोगावची ताडपत्रे जमवली, १९२३मध्ये ‘वचनशास्त्रसार’ काढले आणि पुढे राहते घर विकून छापखाना घातला. छापील वचने हाती आल्यावर हिंदुस्थानी गवयांनी ती मैफलीत नेली. मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेच्या नीलकंठबुवांकडे आणि नंतर मंजीखाँ व भुर्जीखाँ यांच्याकडे शिकलेले, जयपूर-अत्रौली घराण्याचे गवई. त्यांच्या ख्यालाइतकीच त्यांची वचनेही लोकांनी डोक्यावर घेतली. रायचूरकडचे सिद्धराम जंबलदिन्नी तर वचनगायनासाठीच ओळखले गेले. ज्याने ताल-मान कळत नसल्याचे सांगितले त्याचे शब्द सर्वांत काटेकोर शास्त्राच्या गळ्यातून यावेत, ही विसंगती बोचायला हवी होती. पण श्रोत्यांना ती बोचली नाही, आणि त्यांचे बरोबर होते: मूळ चालच उरलेली नसताना मन्सुरांची चाल खोटी कशी ठरवणार?

शब्दांबाबत मात्र अशी मोकळीक कधीच नव्हती. १९९३मध्ये कर्नाटक सरकारने एम. एम. कलबुर्गी यांच्या मुख्य संपादकत्वाखाली समग्र वचनांचे १५ खंड काढले. त्याच दशकात लिंगायत धर्मगुरू माते महादेवी यांनी ‘वचनदीप्ती’ या आपल्या संपादनात बसवण्णांच्या वचनांतील ‘कूडलसंगमदेव’ काढून ‘लिंगदेव’ घातले. स्थानिक देवळाचे नाव निराकार तत्त्वाला शोभत नाही, अशी त्यांची भूमिका होती. वादळ उठले, १९९८मध्ये राज्य सरकारने पुस्तक जप्त केले, आणि सप्टेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जप्ती कायम ठेवली. शास्त्राची मुद्रा नाकारणाऱ्या गाण्याच्या नाममुद्रेची राखण अशी शेवटी कायद्याकडे आली.

कल्याण ज्यात येते तो हैदराबाद राज्याचा जुना बिदर जिल्हा १९५६मध्ये नव्या राज्यसीमेने फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात. शरणांचा वारसा सांगणाऱ्या लिंगायतांच्या भजनाला ही रेघ फारशी लागली नाही. बीडजवळच्या कपिलधारचे मन्मथस्वामी सोळाव्या शतकात मराठीत लिहीत होते; त्यांचे ‘परमरहस्य’ आणि अभंग या पट्ट्यातल्या मराठी घरांत वचनांच्या शेजारीच नांदतात. अभंगाला छंद आहे, ठेका ठरलेला आहे, चार माणसे लगेच टाळ धरू शकतात. वचनाला तसे काही नाही, म्हणून ते बहुधा एकटा गातो आणि बाकीचे शेवटची नाममुद्रा तेवढी एकत्र म्हणतात. बसव समितीच्या बहुभाषिक प्रकल्पात २,५०० वचने मराठीतही आली आहेत. ती गायची तर चाल ज्याची त्याने लावायची. नाममुद्रेला मात्र हात लावायचा नाही.