गाण्याची शिक्षा, न गाण्याची शिक्षा

राष्ट्रगीत सुरू असताना खेळाडूने मूठ उंचावणे, गुडघ्यावर बसणे किंवा ओठ मिटून उभे राहणे, आणि त्यावर प्रेक्षकांनी खवळून उठणे अथवा टाळ्या वाजवणे, हा विषय मराठी वाचकासमोर बहुधा परदेशी बातम्यांतून येतो, कारण भारतीय मैदानांवर अशा निषेधाची परंपरा रुजलेली नाही. तथापि गीताच्या वेळी सत्तेला अपेक्षित असलेली वागणूक नाकारणे आणि त्यापायी शिक्षा भोगणे, याचा मराठवाड्याला जुना अनुभव आहे. आज ज्याला जालना जिल्हा म्हटले जाते त्या भागात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘आपले’ गीत गाणे हाच गुन्हा होता. त्यामुळे राष्ट्रगीताविषयी या परिसरात जी हळवी आणि तितकीच तापट भावना आढळते, तिची मुळे त्या काळात शोधावी लागतात.

जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यातून, तर परतूर तालुका परभणी जिल्ह्यातून त्यात आला. त्याआधी, १९४८ पर्यंत, हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात, म्हणजे आसफजाही घराण्याच्या निजामाच्या राज्यात मोडत होता. १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत संस्थानाला स्वतःचे नाणे, टपाल, ध्वज आणि राज्यगीत होते. हे राज्यगीत उर्दूत असून राज्य चिरकाल टिकावे आणि राज्यकर्त्याला दीर्घायुष्य लाभावे अशी ईश्वराकडे केलेली ती प्रार्थना होती. शाळांतून ती म्हणवून घेतली जाई. घरी मराठी बोलणारे, शाळेत उर्दू शिकणारे मूल रांगेत उभे राहून ज्या राजासाठी आयुष्य मागत असे, त्या राजाच्या कारभारात त्याच्या आईबापांना सभा भरवण्याचीही मोकळीक नव्हती. ‘गश्ती निशान ५३’ या नावाने मराठवाड्याच्या इतिहासात कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकाने (गश्ती म्हणजे सर्वत्र फिरवलेला सरकारी हुकूम) सभांना पूर्वपरवानगीचे बंधन घातले होते. खासगी शाळा आणि आखाडे यांच्यावरही निर्बंध होते. आखाड्याचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. जेथे तरुण एकत्र येतात, अंग कमावतात आणि शिस्तीने उभे राहतात, ती लाल माती राज्यकर्त्यांना सभेच्या मंडपाइतकीच धोक्याची वाटत होती, आणि त्या दृष्टीने पाहता खेळ आणि राजकारण एकमेकांपासून वेगळे आहेत ही समजूत या मुलखात तरी कधीच खरी नव्हती.

या पार्श्वभूमीवर १९३८ चे वर्ष उजाडले. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, बंदी आली. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाची पहिली तुकडी बाहेर पडली, आणि आर्य समाज व हिंदू महासभा यांचे सत्याग्रहही त्याच सुमारास उभे राहिले. नोव्हेंबरमध्ये वसतिगृहांतील विद्यार्थी या वातावरणात उतरले. मराठवाड्यातील मुलाला मॅट्रिकनंतर शिकायचे असेल तर जवळचे ठिकाण म्हणजे १९२३ मध्ये निघालेले औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज. जालन्याहून ते मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज मार्गाने साठेक किलोमीटरवर होते. हे कॉलेज १९१८ मध्ये स्थापन झालेल्या आणि उर्दूतून उच्च शिक्षण देणाऱ्या उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखाली चाले. वसतिगृहातील हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या खोलीत एकत्र बसून ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले, आणि हे गीत धार्मिक प्रार्थनेत बसत नाही, ते राजकीय आहे, या कारणावरून अधिकाऱ्यांनी त्याला मनाई केली. औरंगाबादेत सुरू झालेला हा झगडा पाठोपाठ हैदराबादच्या वसतिगृहांत पोहोचला आणि संस्थानाच्या इतर भागांतही पसरला. विद्यार्थ्यांनी गाणे सोडले नाही. वर्गांवर बहिष्कार पडला आणि मोठ्या संख्येने नावे कमी करण्यात आली.

मोर्चा, जाळपोळ, सरकारी कचेरीवर दगडफेक, यांपैकी काहीही या आंदोलनाच्या मुळाशी नव्हते. एका खोलीत बसून काही मुले एक गीत म्हणत होती एवढेच घडत होते, आणि राज्यकर्त्यांना तेवढेच असह्य झाले. नाव कमी झालेल्या विद्यार्थ्याला संस्थानात दुसरीकडे प्रवेश मिळण्याची आशा नव्हती. मुलाच्या शिक्षणासाठी घरच्या जमिनीवर पैसे उभे केलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने त्या एका गीताची किंमत म्हणजे मुलाचे सारे भवितव्य होते. या विद्यार्थ्यांसाठी दार उघडले ते नागपूर विद्यापीठाने. तेथील कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना प्रवेश देण्याचा निर्णय घेतला आणि संस्थानातून हाकललेली मुले मध्य प्रांतात शिकू लागली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे याच चळवळीतून नागपूरला गेलेल्यांपैकी एक होत. तुरुंगात फटक्यांची शिक्षा भोगताना ‘वंदे मातरम्’चा घोष करत राहिलेले रामचंद्र राव यांच्या नावाआधी तर ‘वंदेमातरम्’ हा शब्द कायमचा जोडला गेला. औरंगाबादेत त्या काळी शिक्षक असलेले आणि पुढे मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनाचे आधारस्तंभ ठरलेले गोविंदभाई श्रॉफ यांची सार्वजनिक कारकीर्दही याच वातावरणात आकाराला आली.

या इतिहासाला दुसरी बाजू आहे आणि ती गाळून तो सांगणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. देशाला देवीरूपात वंदन करणाऱ्या गीताला अनेक मुस्लिमांचा श्रद्धेच्या पायावर आक्षेप होता. तो ध्यानात घेऊन काँग्रेस कार्यकारिणीने ऑक्टोबर १९३७ मध्ये, म्हणजे औरंगाबादच्या घटनेआधी वर्षभर, राष्ट्रीय कार्यक्रमांत या गीताची पहिली दोनच कडवी म्हणावीत असे ठरवले होते, आणि त्याऐवजी एखादे निर्विवाद गीत म्हणण्याची मुभाही ठेवली होती. जालन्यासारख्या, हिंदू आणि मुस्लिम पिढ्यान्‌पिढ्या एका बाजारपेठेत वावरत आलेल्या शहराच्या दृष्टीने या ठरावाचे मोल मोठे आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या नेत्यांनी, लढा ऐन भरात असताना, गीताच्या सक्तीपेक्षा गाणाऱ्याच्या मनाला अधिक जपले, ही नोंद मराठवाड्याच्या शालेय इतिहासात फार क्वचित सापडते, आणि ही उणीव गंभीर आहे.

याच दशकात खेळाच्या मैदानावरही ध्वज आणि गीत यांचा पेच उभा होता. भारताने १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सुवर्ण जिंकले, पण ब्रिटिश अमलाखालील संघ म्हणून. त्याच्या विजयाला साम्राज्याची चिन्हेच मिळत. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनमध्ये जर्मनीविरुद्ध अंतिम सामना होता आणि त्याआधीच्या सराव सामन्यात जर्मनीकडून हार झाल्याने संघ धास्तावलेला होता. मैदानात उतरण्यापूर्वी सहव्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी कपडे बदलण्याच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा काढला आणि खेळाडूंनी त्याला वंदन केले, असे कर्णधार ध्यानचंद यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. भारताने तो सामना ८-१ ने जिंकला. बर्लिनची ती खोली आणि दोन वर्षांनंतरची औरंगाबादची प्रार्थनेची खोली यांत विलक्षण साम्य आहे. दोन्हीकडे निष्ठा बंद दारामागे व्यक्त झाली, कारण उघड्यावर दुसऱ्याचे गीत आणि दुसऱ्याचा ध्वज होता. फरक इतकाच की बर्लिनमध्ये दार ठोठावणारे कोणी आले नाही.

१२ ऑगस्ट १९४८ रोजी वेम्बलीच्या मैदानावर भारताने ब्रिटनला ४-० ने हरवले आणि स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण तिरंग्याखाली, ‘जन गण मन’च्या सुरावटीवर स्वीकारले. देशभर त्याचा आनंद झाला. जालना मात्र त्या दिवशी भारतात नव्हते. निजामाने विलीनीकरण नाकारले होते, संस्थानात तिरंगा फडकवणे हा अपराध होता आणि स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना १५ ऑगस्ट १९४७ रोजीच अटक झाली होती. वेम्बलीच्या विजयानंतर महिनाभराने, १३ सप्टेंबर १९४८ ला, भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, त्याच आठवड्यात जालना त्यांच्या ताब्यात आले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. उर्वरित महाराष्ट्राला राष्ट्रगीत स्वातंत्र्याबरोबर मिळाले, मराठवाड्याला ते तेरा महिने उशिरा आणि रझाकारांच्या, म्हणजे कासिम रझवी यांच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, दहशतीतून गेल्यावर मिळाले. येथील माणूस या गीताला उभा राहतो तेव्हा त्यामागे हा उशीरही असतो.

२४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेने ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून आणि ‘वंदे मातरम्’ हे समान सन्मानाचे गीत म्हणून स्वीकारले. गीत आता राज्याचे झाले, आणि प्रत्येक राज्याच्या गीताबरोबर येणारा प्रश्नही त्यासोबत आला. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्याने राष्ट्रगीत गाण्यास हेतुपुरस्सर अडथळा आणणे किंवा ते गाणाऱ्या समुदायात व्यत्यय आणणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला. न गाणे हा गुन्हा ठरवला नाही. तरीही १९८५ मध्ये केरळमधील एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकले. ख्रिस्ती धर्मातील ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाची ही मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु धर्मश्रद्धेमुळे ते म्हणत नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात त्यांना परत प्रवेश देण्याचा आदेश दिला. गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही आणि जो आदराने उभा राहतो त्याने अनादर केला असे म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. औरंगाबादच्या मुलांची नावे गायल्याबद्दल कमी झाली, केरळच्या मुलांची न गायल्याबद्दल. एकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले, दुसऱ्यांना न्यायालयाने. शिक्षा देणाऱ्या दोन्ही व्यवस्थांना मात्र मुलाच्या ओठांवर आपला ताबा हवा होता.

परदेशी मैदानांवरील निषेध या संदर्भात वाचला तर कमी परका वाटतो. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिकोत २०० मीटर धावण्याचे सुवर्ण जिंकणारा टॉमी स्मिथ आणि कांस्य जिंकणारा जॉन कार्लोस यांनी अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजत असताना काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली. पायांत बूट नव्हते, कारण कृष्णवर्णीयांचे दारिद्र्य दाखवायचे होते. रौप्यविजेता ऑस्ट्रेलियन पीटर नॉर्मन याने त्यांच्या पाठिंब्याचा बिल्ला लावला. प्रेक्षकांतून हुर्यो उडाली आणि दोघांना ऑलिंपिकमधून परत पाठवले गेले. २०१६ मध्ये कॉलिन केपर्निक हा अमेरिकी फुटबॉलपटू पोलिसी अत्याचारांच्या निषेधार्थ प्रथम राष्ट्रगीताला बसून राहिला आणि नंतर गुडघ्यावर टेकला. काही चाहत्यांनी त्याच्या नावाची जर्सी जाळली, काहींनी ती इतकी विकत घेतली की ती विक्रीत अव्वल ठरली, आणि त्या हंगामानंतर त्याला कोणत्याही संघाने घेतले नाही. २०२२ च्या विश्वचषकात इराणचे फुटबॉलपटू इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी गप्प उभे राहिले तेव्हा त्यांच्याच देशाचे काही प्रेक्षक डोळे पुसत होते आणि काही आपल्याच राष्ट्रगीताची हुर्यो उडवत होते.

भारतात प्रेक्षकांच्या संतापाला मैदानापेक्षा चित्रपटगृहात अधिक वाव मिळाला. १९६२ च्या चीन युद्धानंतर चित्रपटाच्या शेवटी राष्ट्रगीत वाजवण्याची प्रथा पडली, लोक दाराकडे धावू लागल्याने ती मागे पडली, आणि २००३ मध्ये महाराष्ट्राने ती चित्रपटाच्या आरंभी पुन्हा आणली. ३० नोव्हेंबर २०१६ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर सक्तीची केली आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ऐच्छिक ठरवली. या गदारोळातील एक घटना मनाला लागून राहते. २०१६ मध्ये पणजीच्या एका चित्रपटगृहात राष्ट्रगीताला उभे न राहिलेल्या माणसाला मागच्या रांगेतील प्रेक्षकाने मारले. तो माणूस पाठीच्या कण्याच्या दुखापतीमुळे उभा राहूच शकत नव्हता. चाकाच्या खुर्चीवरील टेनिसमध्ये त्याने भारताचे प्रतिनिधित्व केले होते. देशासाठी खेळलेल्या माणसावर देशाच्या नावाने हात उगारणारा प्रेक्षक हा कायद्याचा रखवालदार नव्हता, कारण कायद्याने त्याला तसा कोणताही अधिकार दिलेला नव्हता. अशा वेळी गर्दी जो न्याय करते तो गश्ती निशानाच्या जातीचाच असतो, हे मराठवाड्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

भारतीय खेळाडूने निषेध केला तेव्हा त्याने बहुधा राष्ट्रचिन्ह नाकारले नाही, उलट ते हाती घेतले. २८ मे २०२३ रोजी आंदोलक कुस्तीपटू विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया यांना दिल्लीत पोलिसांनी ताब्यात घेतले तेव्हा त्यांच्या हातांत तिरंगे होते. ज्या ध्वजासाठी पदके जिंकली त्याच्याच साक्षीने न्याय मागण्याची ही रीत १९३८ च्या वसतिगृहाच्या अधिक जवळची आहे.

जालना जिल्ह्यात १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी यांच्या जोडीला १७ सप्टेंबरलाही, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजारोहण होते. शहरात टाऊन हॉल परिसरात हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर यांच्या स्मृतिस्तंभाजवळ मुख्य कार्यक्रम असतो. त्याच सकाळी अंबड, परतूर, भोकरदन, मंठा येथील शाळांच्या मैदानांवर पावसाने भिजलेल्या मातीत चुन्याच्या रेषा आखल्या जातात, पी.टी.चे शिक्षक ‘सावधान’ म्हणतात, दोरीची गाठ सुटून ध्वज उलगडतो आणि बावन्न सेकंद रांगेत कोणी हलत नाही. त्या रांगेत असलेल्या काही मुलांच्या पणजोबांनी याच वयात याच परिसरातील शाळांत निजामाच्या दीर्घायुष्याची प्रार्थना म्हटली होती, आणि त्यांतले जे ओठ मिटून उभे राहिले असतील त्यांची नावे कोणत्याही स्तंभावर कोरलेली नाहीत.