जुन्या एंजिनाची नवी सांखळी

जुन्या वस्तूंचें जतन म्हटलें म्हणजे त्यांस शक्य तितका कमी हात लावणें, अशी आपली सामान्य समजूत असते. ताम्रपटावरील झिजलेलें अक्षर कोणी नव्यानें कोरीत नाहीं, कीं जीर्ण पोथीचीं पानें टाकून त्यांच्या जागीं स्वच्छ पानें शिवीत नाहीं. ही समजूत योग्यच आहे. परंतु ज्या वस्तूचें सारें सार तिच्या गतींत आहे, तिच्या बाबतींत हा नियम पुरा पडत नाहीं. मोटारीचें जुनें एंजिन ही अशीच एक वस्तु होय. आणि त्या एंजिनाच्या पोटांत दडलेल्या एका सांखळीचा इतिहास पाहिला, म्हणजे जतन या शब्दाचा अर्थ पुन्हां तपासून पाहावासा वाटतो.

एंजिनांत दट्टे खालींवर होतात व त्यांच्या योगानें क्रँकशाफ्ट हा मुख्य दंड फिरतो, हें बहुतेकांस ठाऊक असतें. पण हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत घेणाऱ्या आणि जळका वायु बाहेर सोडणाऱ्या झडपा नेमक्या क्षणीं उघडाव्या व मिटाव्या, हें काम कॅमशाफ्ट नांवाच्या दुसऱ्या दंडाकडे असतें. मुख्य दंडाचे दोन फेरे होतांना कॅमशाफ्टचा एकच फेरा व्हावयास हवा. हें प्रमाण थोडें ढळलें तर एंजिनाचा जोर जातो. फार ढळलें तर झडपा व दट्टे एकमेकांवर आदळून मोडतात. या दोन दंडांमधील करार पाळण्याची जबाबदारी सांखळीची.

सांखळीनें गति पोंचविण्याची कल्पना पुरातन आहे. आपल्याकडील विहिरीवरची रहाटगाडग्यांची माळ त्याच जातीची. चीनमध्यें सु सुंग यानें अकराव्या शतकाच्या अखेरीस कैफेंग येथें उभारलेल्या खगोलीय घड्याळांतही सांखळीची योजना होती. परंतु वेगानें फिरूनही लवकर न झिजणारी सांखळी मिळावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. स्वित्झर्लंडमधून मँचेस्टरला येऊन स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्डनें १८७९ सालीं कापडगिरण्यांसाठीं सांखळ्या करणारा एक लहानसा धंदा विकत घेतला, आणि १८८० सालीं नव्या रचनेच्या सांखळीचें पेटंट मिळविलें. त्यानें खिळ्याभोंवतीं नळी व नळीभोंवतीं फिरता रूळ बसवून भार रुंद पृष्ठभागावर पसरविला. आजची सायकलीची सांखळीही त्याच वंशांतील आहे.

शर्यतीच्या मोटारींत मात्र सांखळीस सहजासहजीं मान मिळाला नाहीं. १९१२ सालची फ्रेंच ग्रां प्री शर्यत जिंकणाऱ्या प्यूजो मोटारीनें सिलिंडरांच्या डोक्यावर दोन कॅमशाफ्ट बसविण्याची पद्धत प्रतिष्ठित केली. पण अशा एंजिनांत कॅमशाफ्ट फिरविण्यासाठीं बहुधा उभा दंड किंवा दांतेरी चक्रांची रांग वापरीत. ही रचना बळकट, तशीच महाग आणि आवाजानें कर्कश. शर्यतींत आवाजाची तक्रार कोणी करीत नाहीं. गृहस्थाच्या मोटारींत तो खपत नाहीं.

ही अडचण ज्या परिस्थितींत सुटली ती मोठी विलक्षण होती. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरावर जर्मन विमानांनीं बाँबवर्षाव केला. त्यांत १४ नोव्हेंबर १९४० ची रात्र सर्वांत भयंकर. आगीवर नजर ठेवण्यासाठीं कारखान्यांतून रात्रपहारे असत. १९४५ पासून जॅग्वार या नांवानें ओळखल्या जाऊं लागलेल्या कंपनीचे चालक विल्यम लायन्स आणि त्यांचे अभियंते विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन व क्लॉड बेली हे अशा पहाऱ्याच्या रात्रीं युद्धानंतर काढावयाच्या एंजिनाची चर्चा करीत. भोंवतालीं शहर जळत असतां शांततेच्या काळांतील यंत्राचे आराखडे मनांत आंखणारीं हीं माणसें पाहिलीं, म्हणजे त्यांच्या आशावादाचें कौतुक वाटतें.

या चर्चेंतून एक्सके एंजिन जन्मास आलें. सहा सिलिंडर, ३४४२ घन सेंटिमीटर, १६० अश्वशक्ति, आणि डोक्यावर दोन कॅमशाफ्ट. ऑक्टोबर १९४८ मध्यें लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनांत एक्सके १२० या मोटारीबरोबर तें लोकांपुढें आलें. पुढच्याच मे महिन्यांत बेल्जममधील याब्बेके येथें त्या मोटारीनें ताशीं १३२ मैलांहून अधिक वेग दाखविला. १९५१ ते १९५७ या काळांत ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतींत या एंजिनाच्या मोटारी पांच वेळां पहिल्या आल्या.

या एंजिनांत दुपदरी सांखळ्यांचे दोन टप्पे आहेत. मुख्य दंडावरचें २१ दांत्यांचें चक्र ८२ दुव्यांच्या खालच्या सांखळीनें २८ दांत्यांच्या मधल्या चक्रास फिरवितें. त्याच आंसावरचें २० दांत्यांचें चक्र १०० दुव्यांच्या वरच्या सांखळीनें ३० दांत्यांचीं दोन कॅमचक्रें फिरवितें. वाचकांनीं हिशेब करून पाहावा: मुख्य दंडाच्या एका फेऱ्यांत कॅमशाफ्टचा बरोबर अर्धा फेरा होतो.

जुनी सांखळी ‘ताणली’ असें कारागीर म्हणतात. वस्तुतः तिच्या पोलादी पट्ट्या लांबत नाहींत. प्रत्येक सांध्यांतील खिळा व नळी झिजते. एका सांध्याची झीज मिलिमीटरचा शंभरावा भाग धरली, तरी शंभर दुव्यांत मिळून एक मिलिमीटर भरते. एकही दुवा तुटलेला नसतो, कोणा एकाला दोष देतां येत नाहीं, आणि तरीही सारें घड्याळ मागें पडतें.

जीर्णोद्धार करणाऱ्याची कसोटी येथें लागते. वरच्या सांखळीची ढिलाई काढण्यासाठीं एक जागा बदलूं शकणारें चक्र दिलेलें आहे. खालच्या सांखळीस आरंभींच्या एंजिनांत पोलादी कमानपट्टी ताण देत असे. पुढें तेलाच्या दाबानें सरकणारा दट्ट्या आला. पण खालची सांखळी बदलावयाची तर एंजिनाचें डोकें, तेलाचें तसराळें आणि पुढचें झांकण हीं सर्व उतरवावीं लागतात. कॅमचक्रें सोडल्यावर कोणताही दंड मनास येईल तसा फिरवून चालत नाहीं; तिरप्या बसविलेल्या झडपा एकमेकींवर आदळतात. जोडणीच्या वेळीं सर्वांत पुढचा दट्ट्या वरच्या टोकास आणतात. जॅग्वारच्या गणनेंत तो पहिला नसून सहावा, हें न जाणणारा फसतो. मग कॅमशाफ्टच्या खांचेंत मापपट्टी बसवून चक्र पक्कें करतात. चक्र व दंड यांच्यामध्यें बारीक दांत्यांची एक तबकडी आहे. तिच्यामुळें सांखळीच्या एका दांत्याहून पुष्कळ सूक्ष्म फरक साधतो. नवी सांखळी अगदीं ताठ करण्याचा मोह होतो. तो आवरून थोडी लवचीकता ठेवावी लागते, नाहीं तर ती किंचाळूं लागते.

येथें कोणी म्हणेल, कीं मूळची सांखळी काढली म्हणजे मोटारीचें अस्सलपण तितकें उणें झालें. या आक्षेपामागें इतिहासाचा आदर आहे. परंतु झिजलेली सांखळी चालत्या एंजिनांत ठेवणें म्हणजे एका नाशवंत तुकड्यासाठीं झडपा, दट्टे आणि तें सुंदर डोकें पणास लावणें होय. उलट, बदलावयाचेंच तर सारेंच आधुनिक कां करूं नये, हेंही म्हणणें टिकत नाहीं; मग मोटारीचें केवळ नांव जुनें राहील. मधली रेषा खुद्द रचनाकारांनींच आंखून ठेवली आहे. सरकतें चक्र व बारीक दांत्यांची तबकडी यांनीं तेच सांगून ठेवलें, कीं हा भाग झिजणार आहे, तो बदला. मात्र प्रमाण बिघडूं देऊं नका.

हें एंजिन निरनिराळ्या मोटारींतून १९९२ पर्यंत तयार होत राहिलें. तें रोजच्या कामांत जोडणारे हात आतां थकत चालले आहेत. सांखळी किती सैल असावी हें पुस्तकांत लिहितां येतें. ती सैलपणा बोटांना कसा लागतो, हें शेजारीं उभें राहूनच शिकावें लागतें. हें शिकणें खंडित झालें, तर संग्रहालयांत चकचकीत धातु उरेल आणि एंजिन उरणार नाहीं.

काढलेली सांखळी फेंकून मात्र देऊं नये. तेल लावून, तारीख लिहून, कापडांत गुंडाळून ती ठेवावी. ताम्रपटाचा नियम तिला लागूं आहे, एंजिनाला नव्हे.