कोड सायनिंग

कोड सायनिंग : सॉफ्टवेअर लोकांच्या हाती देण्यापूर्वी त्यावर निर्मात्याने केलेली डिजिटल स्वाक्षरी. फाइल कोणाकडून आली आणि वाटेत तिच्यात फेरफार झाला का, एवढेच ती सांगते. प्रोग्रॅमच्या हेतूची हमी ती देत नाही, आणि घोटाळा बहुधा हे विसरल्यामुळेच होतो.

फाइलवरून, बहुधा एसएचए-२५६ पद्धतीने, २५६ बिटांचा हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, काढतात. एक अक्षर बदलले तरी हॅश पार बदलतो. त्यावर गुप्त किल्लीने सही होते. वापरणाऱ्याचा संगणक ती सही जोडीच्या सार्वजनिक किल्लीने पडताळतो. ही किल्ली कोणाची, ते प्रमाणपत्रावरून कळते. शिवकालीन पत्राखाली मोर्तब उठवीत, पुढे कोणी मजकूर घुसडू नये म्हणून. इथेही तोच बंदोबस्त आहे. विंडोजमध्ये इन्स्टॉलरच्या प्रॉपर्टीजमधील ‘डिजिटल सिग्नेचर्स’ या टॅबवर सही करणाऱ्याचे नाव दिसते, टाइमस्टॅम्प घेतला असल्यास वेळही. टाइमस्टॅम्प घ्यावाच, प्रमाणपत्राची मुदत सरल्यावरही जुनी सही त्याच्याच जोरावर ग्राह्य राहते.

प्रमाणपत्रे प्रमाणन संस्था देतात. बेंगळुरूत हेब्बाळच्या उत्तरेला, विमानतळाच्या बाजूस, जाला होबळीत (महसुली मंडळात) ईमुद्रा या प्रमाणन संस्थेचे आवार आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये अशा संस्थांना प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक परवाना देतो. जीएसटी व ई-निविदांसाठी लागणारे यूएसबी टोकन याच व्यवस्थेतले. मात्र विंडोजने कोणाचे प्रमाणपत्र मानायचे, हे मायक्रोसॉफ्टची यादी ठरवते. सरकारी परवाना तिथे पुरत नाही. २०१४ मध्ये एनआयसी या सरकारी संस्थेच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या संकेतस्थळांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने ती तातडीने अविश्वसनीय ठरवली. ईमुद्राने अशा जागतिक याद्यांसाठी ‘एमसाइन’ ही वेगळी मूळ प्रमाणपत्रे २०१८ मध्ये तयार केली.

खरी जोखीम किल्लीच्या राखणीत आहे. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमच्या फाइलींवर तैवानच्या रिअलटेक आणि जेमायक्रॉन या कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी सह्या केलेल्या होत्या. सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात (२०२०) तर किल्ली चोरण्याचीही गरज पडली नाही. सॉफ्टवेअर तयार (बिल्ड) होतानाच त्यात घातक कोड घुसवला गेला आणि कंपनीची अस्सल सही त्यावर आपोआप झाली. म्हणून बिल्ड सर्व्हरवर किल्लीइतकाच कडक पहारा हवा. १ जून २०२३ पासून सार्वजनिक विश्वासाच्या कोड सायनिंग प्रमाणपत्रांची गुप्त किल्ली टोकन किंवा हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल (एचएसएम) यांसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवणे बंधनकारक आहे.

अँड्रॉइडवर प्रमाणन संस्था लागत नाही, विकासकाने स्वतःच बनवलेले प्रमाणपत्र चालते. पण स्वतःजवळ ठेवलेली सहीची किल्ली हरवली, तर ॲपचे अपडेट देता येत नाही. नव्या पॅकेज-नावाने नवे ॲप काढावे लागते.