'एच के के जे आर' म्हणजे भारत

मागच्या महिन्यात माझी चांगलीच फजिती झाली. नगरपालिकेने आपल्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. त्याबद्दल आम्ही सात-आठ जण निवेदन लिहीत होतो. मसुदा मी नेहमीप्रमाणे कृतिदेवमध्ये टाइप करून ग्रुपवर टाकला. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी पूर्ण अंध आहेत, मोबाइलच्या टॉकबॅकवर ऐकून वाचतात. रात्री त्यांचा फोन आला, "भाऊ, हे काय बडबडून राह्यलं? एच के के जे आर, एच के के जे आर..."

कृतिदेवमध्ये 'भारत' हा शब्द याच पाच इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो. देवनागरी दिसते ती फक्त डोळ्यांना. दिव्यांगांचं निवेदन, अन् दिव्यांगालाच वाचता येईना! चूक माझीच होती.

आपल्या वऱ्हाडात हे आधीही घडून गेलंय. तेराव्या शतकात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. नागदेवाचार्यांकडून ऐकल्या, ज्यांनी त्या प्रत्यक्ष पाहिल्या होत्या त्यांना गाठून विचारलं, आणि 'लीळाचरित्र' उभं राहिलं. एका माणसाने लिहिलेलं, पण अनेकांच्या आठवणींचं. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली. अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, त्यामुळे वेगवेगळे पाठ झाले. एखाद्याची आठवण वेगळी असेल तर तीही पोथीत 'वासना' म्हणून नोंदवलेली सापडते. आपण आज कॉमेंट टाकतो ना, तशीच. फरक एवढाच की तिथे फरक शब्दात सांगितलेला आहे, रंगात नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नंतर चौदाव्या शतकात ग्रंथ जपण्यासाठी सकळ लिपी आली. एका अक्षराच्या जागी दुसरं, किल्ली फक्त पंथातल्यांकडे. त्यामागे कारण होतं, मी नावं ठेवत नाही. पण ही लिपी बाहेरच्यांना उलगडली ती थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, वि. का. राजवाड्यांमुळे. डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती 1978 ला आली. मराठीतला आद्य गद्य ग्रंथ, अन् सामान्य मराठी वाचकाला शेकडो वर्षं बंद!

कृतिदेव ही आमची सकळ लिपीच की. फरक एवढाच की ती कोणी जपण्यासाठी केली नव्हती, डीटीपीच्या सोयीत आपोआप झाली. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, तरी मी डिप्लोमा करताना शिकलो ते जुनेच फॉन्ट. आजही तालुक्यात अर्धी कामं त्यातच चालतात.

तर गुरुजींसाठी काय केलं? मसुदा युनिकोडमध्ये आणून गूगल डॉक्सवर टाकला. 2006 साली गूगलने रायटली नावाची सेवा विकत घेतली, त्यातून हे निघालं. कॉम्प्युटरवर गुरुजींचा नातू एनव्हीडीए वापरायला शिकवतोय. तो फुकट आहे, मराठीही वाचतो. डॉक्समध्ये स्क्रीन रीडर सपोर्ट एकदा चालू करावा लागतो. इथरपॅड त्याहून हलकं, आपल्या नेटला बरं वाटलं, पण कोणी काय लिहिलं ते तिथे रंगावरून कळतं. गुरुजींना रंग काय कामाचा? म्हणून सोडलं.

आम्ही नियम केले. बदल लाल रंगात नाही, कॉमेंटमध्ये नावासकट. मथळा नुसता ठळक नाही, हेडिंग म्हणूनच द्यायचा, म्हणजे ऐकणारा उडी मारून तिथे पोचतो. कागदाचा फोटो ग्रुपवर टाकणं तर एकदम बंद, कारण फोटोतला मजकूर स्क्रीन रीडरला धड वाचता येईलच असं नाही. (लाभार्थ्यांचे आधार नंबर मात्र कोणत्याही लिंकवर टाकू नका बापा.)

तिसऱ्या दिवशी गुरुजींची पहिली कॉमेंट आली. आम्ही रॅम्प मागितला होता, व्हीलचेअर मागितली होती, तीनचाकी मागितली होती. त्यांनी लिहिलं होतं, "अंधांसाठी यात एकही मागणी नाही. चौथा मुद्दा मी लिहितो."