पेनड्राइव्ह रिकामा दिसतो, पण असतो का?

पेनड्राइव्ह लावला, जागा भरलेली, पण आत फोटो एकही नाही? थांबा, फॉरमॅट करू नका. याचं मूळ १९८१ मध्ये आहे.

त्या वर्षी आयबीएमचा पीसी आला. त्याच्या डॉसमध्ये 'डीआयआर' टाइप केलं की फ्लॉपीवरच्या फाइल्सची यादी यायची. सिस्टिमच्या दोन फाइल्स मात्र त्यातून लपवलेल्या असायच्या. लपवायची ती खूण विंडोजमध्येही आली आणि पुढे व्हायरसांनी तीच आपल्या फोटोंना लावली.

१९९१ च्या डॉस ५ मध्ये उपाय आला: 'स्लॅश ए', म्हणजे लपलेलंही दाखव. म्हणून मी कमांड प्रॉम्प्टवर आधी डीआयआर, ड्राइव्हचं अक्षर, कोलन आणि स्लॅश ए टाइप करतो. यादीत नाही म्हणजे फाइल गेलीच, असं नसतं!