अमेरिकेच्या नद्यांवरील तोफनौका

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत जे यादवी युद्ध झाले, ते आपल्याकडे मुंबईच्या कापसाच्या तेजीमुळे परिचित आहे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, म्हणून येथील कापसास सोन्याचे मोल आले. परंतु समुद्रावरील त्या नाकेबंदीइतकेच निर्णायक युद्ध त्या देशाच्या नद्यांवर चालले होते. त्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

शिडाच्या जहाजास नदीत प्रवाहाविरुद्ध जाणे महाकठीण. ही अडचण वाफेने दूर केली. सेंट लुई येथील जेम्स ईड्स यांनी ऑगस्ट १८६१ मध्ये सात चिलखती तोफनौकांचा मक्ता घेतला आणि पुढील जानेवारीत त्या कामावर रुजू झाल्या. प्रत्येकीची लांबी १७५ फूट, तोफा १३, आणि बूड पाण्यात अवघे ६ फूट. उथळ नद्यांसाठी हे अवश्यच होते. पण याच गुणात घातक दोष दडला होता. समुद्रावरील युद्धनौकेचे बॉयलर पाण्याच्या पातळीखाली सुरक्षित ठेवता येत. येथे तेवढी खोलीच नव्हती.

६ फेब्रुवारी १८६२ रोजी टेनेसी नदीवरील फोर्ट हेन्री हा किल्ला या नौकांनी, पायदळ चिखल तुडवीत येऊन पोहोचण्यापूर्वीच, जिंकला. त्या लढाईत ‘एसेक्स’ नौकेचा बॉयलर गोळ्याने फुटला व आतील माणसे वाफेने भाजून निघाली. टेनेसी तेथे उत्तरेकडे वाहते, म्हणून त्या पंगू नौकेस प्रवाहानेच स्वपक्षाकडे परत आणले. मिसिसिपी मात्र दक्षिणेकडे वाहते. तेथे यंत्र बंद पडले, तर नदीच नौकेस शत्रूच्या स्वाधीन करणार! सेनानी फूट तेथे इतके जपून वागले, ते याच भयाने. पुढे १७ जून रोजी व्हाइट नदीवर ‘माउंड सिटी’च्या वाफेच्या पात्रात एकच गोळा शिरला आणि सुमारे पावणेदोनशे माणसांपैकी शंभराहून अधिक प्राणास मुकली.

४ जुलै १८६३ रोजी व्हिक्सबर्ग पडले. त्याचे श्रेय इतिहास ग्रँट व पोर्टर यांस देतो, ते यथार्थच आहे. तथापि नौका चालत होत्या त्या आगवाल्यांच्या श्रमावर. सप्टेंबर १८६१ पासून पळून आलेल्या गुलामांस आरमारात प्रवेश मिळू लागला, पण तो ‘पोऱ्या’ या सर्वांत खालच्या दर्जाचा. युद्ध संपेपर्यंत सुमारे १८,००० कृष्णवर्णीयांनी आरमारात चाकरी केली. त्यांतील कित्येकांच्या वाट्यास कोळसा ओढणे व भट्टी धगधगती ठेवणे हेच काम आले. ज्यांच्या दास्याचा प्रश्न या युद्धाच्या मुळाशी होता, तेच त्याच्या सर्वांत धोक्याच्या जागी उभे होते.

डिसेंबर १८६२ मध्ये याझू नदीत सुरुंगाने बुडालेली ‘केरो’ ही तोफनौका १९६४ मध्ये वर काढण्यात आली; तिचे अवशेष आज व्हिक्सबर्ग येथे जतन केले आहेत. तोफा पाहून परतणाऱ्याने क्षणभर तिच्या बॉयलरपाशीही थांबावे, एवढेच आमचे सांगणे.