राजूरची वाट आणि पडद्याची रुंदी

जालन्याहून उत्तरेकडे भोकरदनच्या रस्त्यानें सुमारें २५ किलोमीटर गेलें म्हणजे राजूर लागतें. टेकडीवरच्या गणपतीमुळें हें गांव सर्व मराठवाड्याला ठाऊक आहे. वरेण्य राजाला गणेशानें गीता सांगितली ती याच ठिकाणीं, अशी भाविकांची श्रद्धा आहे; आणि संकष्टी चतुर्थी मंगळवारीं आली कीं जालन्याहून माणसांची रीघ पायीं चालत राजुरास येते. ज्यानें ही वाट एकदां पायांनीं मोजली आहे त्याला २५ किलोमीटर म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं. चित्रपटाच्या इतिहासांतील एका प्रश्नाला हीच वाट माप म्हणून फार चांगली उपयोगीं पडते.

साधा बोलपट ज्या फितीवर छापीत ती ३५ मिलिमीटर रुंद असे. दर सेकंदाला २४ चित्रें दिव्यासमोरून सरकत आणि प्रत्येक चित्र फितीची १९ मिलिमीटर लांबी अडवी. या हिशेबानें मिनिटाला २७ मीटर, तासाला दीड किलोमीटराहून थोडी अधिक फीत लागे. जालन्यापासून राजुरापर्यंत अशी फीत अंथरली तर तिच्यावर १५ तासांचा खेळ मावेल. आतां तिच्या जागीं आयमॅक्स नांवाची, मोठ्यांत मोठ्या चित्राची फीत घेतली, तर तीच वाट चार तासांत संपते. मोठें चित्र इतकें लांबीखाऊ कां, आणि एवढी फीत खर्चून पाहणाऱ्याच्या पदरीं काय पडतें, हा तो प्रश्न.

मोठें चित्र ही अलीकडची चैन आहे, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. वस्तुस्थिति उलट आहे. चलच्चित्र येण्यापूर्वीं कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें जादूच्या दिव्याचे खेळ केले. त्यांत काचेवर रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर पाडीत. अशा दिव्यासाठीं इंग्लंडांत रुळलेल्या मापाची काच सव्वातीन इंच चौरस असे, म्हणजे आजच्या आयमॅक्सच्या चित्राहून रुंदीनें कमी नव्हेच. काच जागची हलवावयाची नसल्यामुळें ती मोठी असून कोणाची अडचण होत नव्हती.

अडचण आली ती चित्र चालूं लागल्यावर. चित्रपटाची फीत पाण्याच्या धारेसारखी अखंड वाहत नाहीं. ती दर चित्रागणिक थांबते, उजळते, पुन्हां ओढली जाते. सेकंदांत २४ वेळां एखाद्या वस्तूला गति द्यावयाची आणि २४ वेळां ती रोखावयाची, तर ती वस्तु हलकी हवी. नाहीं तर फितीच्या कांठावरचीं छिद्रें फाटतात. एडिसनच्या कारखान्यांत डिक्सन यानें १८९० च्या सुमारास यंत्राची जुळणी केली तेव्हां ईस्टमनची ७० मिलिमीटर रुंदीची फीत उभी चिरून तिच्या दोन अरुंद फिती केल्या. ३५ हा आंकडा असा जन्मास आला. ज्या ७० मिलिमीटरांचा पुढें एवढा डांगोरा पिटला गेला ती रुंदी मूळचीच होती. प्रमाण ठरलें तें तिचें अर्ध. १९०९ सालीं पॅरिसच्या परिषदेनें ३५ मिलिमीटर व दर चित्रास चार छिद्रें हें माप सर्व देशांसाठीं मान्य केलें.

या छिद्रांचें महत्त्व महाराष्ट्रांत सर्वांत आधीं ज्यांच्या हातांना कळलें त्यांत सरस्वतीबाई फाळके यांचें नांव घ्यावयास हवें. दादासाहेब फाळके १९१२ सालीं लंडनास जाऊन विल्यम्सनचा कॅमेरा व छिद्रें पाडण्याचें यंत्र घेऊन आले. कच्ची फीत छिद्रांवांचून येई. अंधारांत ती यंत्राखालीं धरून छिद्रें पाडण्याचें काम सरस्वतीबाई करीत. हें काम किती नाजूक, तें साध्या गुणाकारानें कळेल. फितीवरचें चित्र २१ मिलिमीटर रुंद. तें २० फुटी पडद्यावर पाडलें म्हणजे २९० पट वाढतें. छिद्र केसभर, म्हणजे मिलिमीटराच्या दहाव्या भागाइतकें सरकलें, तर पडद्यावर हरिश्चंद्राची मूर्ति इंचाहून अधिक थरथरते. चित्रपटाच्या इतिहासांत नटांचीं नांवें पुष्कळ आढळतात; पडद्यावरचें चित्र स्थिर कोणाच्या हातामुळें राहिलें याची नोंद मात्र क्वचितच होते.

फाळक्यांनीं भांडवलदाराचें मन वळविण्यासाठीं आधीं दाखविलें तें देवादिकांचें चित्र नव्हतें. कुंडींतला वाटाणा कसा वाढतो हें त्यांनीं थोड्या थोड्या अवकाशानें टिपलें आणि रोपाची अनेक दिवसांची वाढ डोळ्यांदेखत घडवून दाखविली. ‘अंकुराची वाढ’ हा तो लघुपट, १९१२ सालचा. एका परीनें तो पदार्थविज्ञानाचा धडाच होता: फितीवर काळ आकुंचित करतां येतो, हें त्यांत सिद्ध झालें. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. त्याची लांबी ३,७०० फूट. राजूरच्या वाटेवर तो अंथरला तर पायीं चालणारा पाव तासांत पार करील. आणि त्यांतली जी १,४७५ फूट फीत आज शिल्लक आहे ती पांच-सहा मिनिटांतच.

प्रमाण एकदां ठरल्याचा लाभ लहानांनाही झाला. कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं स्वतःचा कॅमेरा घडविला आणि त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० सालीं झळकला. कॅमेरा कोल्हापूरचा असला तरी छिद्रांचें माप जगाचें होतें, म्हणूनच त्याचें चित्र दुसऱ्या कोणत्याही गांवच्या यंत्रावर चालूं शके. फिरत्या तंबूंचा व्यवसायही याच आधारावर उभा राहिला. जत्रेच्या गांवीं तंबू ठोकावा, विजेसाठीं स्वतःचें जनित्र लावावें, दोन कोळशाच्या कांड्यांमध्यें ठिणगीचा प्रखर प्रकाश पेटवावा आणि मुंबईस चाललेल्या चित्रपटाचीच प्रत दाखवावी, असा हा धंदा होता. कांड्या जळून आंखूड होत, म्हणून यंत्रचालकाला त्या सारख्या एकमेकींजवळ आणाव्या लागत. त्याचें लक्ष चुकलें कीं पडदा पिवळा पडे आणि तंबूंत शिट्या सुरू होत.

असा एक तंबू राजूरच्या टेकडीच्या पायथ्याशीं उभा आहे आणि त्यांत २० फूट रुंदीचा पडदा लावला आहे, असें धरूं. चित्र २९० पट वाढतें, म्हणजे क्षेत्रफळानें सुमारें ८४ हजार पट. फितीच्या नखाएवढ्या खिडकींतून गेलेला प्रकाश तितक्याच पटींनीं पातळ होतो. आतां पडदा ७२ फुटांचा करा. त्याच फितीवरून चित्र हजार पटींहून अधिक वाढवावें लागेल. फितीवर चांदीच्या क्षाराचे जे सूक्ष्म कण असतात ते पडद्यावर वाळूसारखे खदखदतांना दिसतील, आणि मूळच्या इतकाच उजेड हवा तर त्या नखाएवढ्या खिडकींतून बारा-तेरा पट प्रकाश पाठवावा लागेल. इतकी उष्णता फीत सोसणार नाहीं. १९५० च्या सुमारापर्यंत फिती ज्या नायट्रेटच्या असत तें द्रव्य तर एकदां पेटलें कीं पाण्यांतही विझत नसे.

यावर खरा उपाय एकच: पडदा जितका वाढवावयाचा तितकी फीतही वाढवावी. आयमॅक्सच्या फितीवरील चित्र ७० मिलिमीटर रुंद असतें. तें ७२ फुटी पडद्यावर टाकलें तर सुमारें ३१४ पट वाढतें. तंबूंतलें चित्र २९० पट वाढत होतें! म्हणजे महानगरांतला तो अजस्र पडदा आणि जत्रेंतलें वीस फुटी कापड यांवर फितीचा कण जवळजवळ एकाच मापाचा उमटतो. तंबूंतलें चित्र अस्पष्ट, गांवढळ आणि शहरांतलें तेवढें खरें, असें म्हणणाऱ्यांनीं हा गुणाकार करून पाहावा. फीत झिजलेली असेल, कांडी नीट जळत नसेल, वाऱ्यानें कापड हलत असेल, ही गोष्ट निराळी. मोठ्या पडद्याचें वैशिष्ट्य एवढेंच कीं प्रेक्षक त्याच्या अगदीं जवळ बसतो, चित्राची कड दृष्टीच्या बाहेर जाते आणि आपण खिडकींतून पाहत आहों ही जाणीव लोपते.

अमेरिकेंत दूरचित्रवाणीच्या भीतीनें १९५२ पासून रुंद पडद्यांची चढाओढ लागली. कांहींनीं तीन यंत्रें शेजारीं शेजारीं लावलीं. कांहींनीं, सिनेमास्कोपप्रमाणें, जुन्याच फितीवर चित्र आडवें चेपून बसविलें आणि दाखवितांना भिंगानें पुन्हां पसरविलें. भारतांत ही दुसरी युक्ति १९५९ सालीं ‘कागज के फूल’ या चित्रपटांत आली. ७० मिलिमीटरचा पहिला भारतीय चित्रपट म्हणून १९६७ सालच्या ‘अराउंड द वर्ल्ड’ याचें नांव घेतात.

परंतु सर्वसामान्य मराठी माणसाला ७० मिलिमीटर हा शब्द शिकविला तो ‘शोले’नें. १५ ऑगस्ट १९७५ रोजीं तो प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहांत पांच वर्षें राहिला. त्याचें चित्रण ३५ मिलिमीटरवरच झालें होतें. मागाहून तें वाढवून रुंद फितीवर छापलें. यावरून कित्येक जाणते नाक मुरडतात: मूळ फितीवर जें टिपलेंच गेलें नाहीं तें वाढविल्यानें कोठून येणार? बारकावे वाढत नाहींत, हें खरेंच. पण आक्षेप अर्धाच योग्य आहे. रुंद प्रतीची खिडकी क्षेत्रफळानें अडीच पटींहून मोठी. तितका अधिक प्रकाश फीत न भाजतां जातो, म्हणून पडदा उजळतो. यंत्रांत फीत किंचित् डुलली तरी पडद्यावर तिचा हेलकावा कमी दिसतो. आणि कांठाशीं चुंबकीय लेपाचे पट्टे देऊन त्यांवर सहा स्वतंत्र ध्वनि ठेवतां येतात. गब्बरच्या बुटांचा आवाज खडकावर एका बाजूकडून दुसरीकडे सरकला तो या पट्ट्यांमुळें. तालुक्याच्या गांवीं गेली ती ३५ मिलिमीटरची प्रत. तेथें ध्वनि एकाच कर्ण्यांतून आला. लोकांना संवाद पाठ झाले ते दोन्हीकडे सारखेच.

आयमॅक्सचा उगम कॅनडांतला. १९६७ च्या माँट्रिऑल प्रदर्शनांत अनेक यंत्रांनीं मिळून एक चित्र दाखवितांना झालेल्या त्रासांतून ही कल्पना निघाली आणि १९७० सालीं ओसाकाच्या प्रदर्शनांत ती प्रत्यक्षांत आली. ७० मिलिमीटरची फीत उभी न चालवितां आडवी चालवावयाची, आणि दर चित्रास पांच ऐवजीं पंधरा छिद्रें द्यावयाचीं. पण एवढी जड फीत सेकंदांत २४ वेळां हिसडली तर तिच्या चिंध्या होतील. ऑस्ट्रेलियांतील रॉन जोन्स या कारागिराची युक्ति येथें कामीं आली. सतरंजी ओढून सरकविण्याऐवजीं तिला एका टोकाशीं हातानें उंचवटा द्यावा आणि तो उंचवटा लाटेसारखा पुढें पळवावा; लाट पलीकडे पोंचली कीं सतरंजी तेवढी पुढें सरकलेली असते, ओढाताण कोठेंच होत नाहीं. फितीची अशीच लाट यंत्रांत धांवते आणि चित्र कांचेवर अलगद टेकतें.

महाराष्ट्रांत हें नवल २००१ सालीं मुंबईस वडाळ्याच्या घुमटाकार पडद्यावर आलें. परंतु तासाला सहा किलोमीटर फीत छापणें, ती वाहून नेणें आणि जपणें हा खर्च तिकिटांतून भागविणें कठीण. अंकीय यंत्रें येतांच फितीचा काळ संपला. जत्रेच्या तंबूंतही तेंच घडलें. महाराष्ट्रांतील फिरत्या तंबूंवरचा शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ सालीं कान येथें दाखविला गेला. फितीचीं जुनीं यंत्रें कोपऱ्यांत पडून अंकीय यंत्रें आलीं तें स्थित्यंतर त्यांत टिपलें आहे.

फीत गेली तरी गुणाकार गेला नाहीं. अंकीय चित्रांत कणाच्या जागीं ठिपका आला. साध्या यंत्राच्या एका ओळींत २,०४८ ठिपके असतात. वीस फुटी पडद्यावर त्यांतला प्रत्येक ठिपका तीन मिलिमीटर रुंद, बाजरीच्या दाण्याएवढा. ७२ फुटी पडद्यावर तोच दहा मिलिमीटरांहून मोठा, टपोऱ्या हरभऱ्याएवढा. दुप्पट ठिपक्यांचें महाग यंत्र आणलें तरी तंबूच्या ठिपक्याहून तो मोठाच राहतो.

२०२३ सालीं ‘ओपनहायमर’ हा तीन तासांचा चित्रपट परदेशांतील मोजक्या चित्रगृहांत आयमॅक्सच्या खऱ्या फितीवर दाखविला गेला. भारतांत तो अंकीय रूपांतच आला. त्याची एक प्रत सुमारें १८ किलोमीटर लांब आणि २७० किलो वजनाची होती. जालन्याहून ती उलगडीत निघालें असतें, तर शेवटचें टोक हातांत येतांना राजूर अजून सात किलोमीटर राहिलें असतें.